मराठवाड्याच्या उन्हात रंगीत बाग: पान पाहून झाड निवडायची पद्धत

पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेत गेलं की सगळीच झाडं देखणी दिसतात. लाल-पिवळा क्रोटन, गुलाबी कॉर्डिलाइन, पांढऱ्या ठिपक्यांचा डायफेनबेकिया, फुलांनी लगडलेला एक्झोरा. घरी आणल्यावर पावसाळा आणि हिवाळा बरा जातो. एप्रिल अर्धा सरला की पानांच्या कडा करपायला लागतात आणि मे संपेपर्यंत अर्धी बाग वाळून गेलेली असते. मग घरातली माणसं म्हणतात, ‘आपल्या हाताला झाडाचा गुण नाही.’ हाताचा इथे काही दोष नसतो. झाड निवडतानाच जागा, माती आणि पाणी यांचा विचार झालेला नसतो.

मराठवाड्यात शोभेची बाग करायची असेल तर फुलाच्या आधी पान बघायची सवय लावून घ्यावी. फूल वर्षातले काही आठवडे असतं, पान बारा महिने. शिवाय पान जाड आहे की पातळ, लवदार आहे की चकचकीत, रुंद आहे की सुईसारखं, यावरून ते झाड किती ऊन सोसेल आणि किती पाणी मागेल हे बरंचसं कळतं. बागेला उठाव देणारा पोत आणि झाडाला उन्हाळ्यात तारणारा पोत एकच असतो, त्यामुळे दोन्ही कामं एका निवडीत होतात.

पायरी १: अंगणातलं ऊन मोजा

कागदावर अंगणाचा साधा आराखडा काढा. सकाळी ९, दुपारी १२ आणि संध्याकाळी ४ वाजता कुठे ऊन आणि कुठे सावली आहे ते तीन रंगांनी भरा. सहा तासांच्या वर ऊन मिळणारी जागा म्हणजे पूर्ण उन्हाची. सकाळी तीन-चार तास ऊन आणि नंतर सावली अशी जागा रंगीत पानांसाठी सगळ्यांत चांगली. थेट ऊन नाही पण वर्तमानपत्र सहज वाचता येतं, ती उजेडाची सावली.

हे काम डिसेंबरात एकदाच केलं तर मात्र फसगत होते. मराठवाडा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो आणि १० फूट भिंतीची सावली उत्तरेला जवळपास ९ फूट पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तोच सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेला असतो. त्यामुळे भिंतीच्या उत्तरेची जी पट्टी हिवाळ्यात गार आणि सावलीची वाटते, तिथे मे महिन्यात भर दुपारचं ऊन उतरतं. अशा पट्टीत सावलीची नाजूक झाडं लावू नका. ज्यांना दोन्ही चालतं तीच तिथे टिकतात.

पश्चिमेची बाजू सगळ्यांत कठीण. दुपारी दोन ते सहाचं ऊन, कोरड्या झळा आणि तापलेली भिंत. ही भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. परभणी, नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा भिंतीलगत त्याहून जास्त तापमान असतं. इथे लावलेलं रोप भिंतीपासून किमान दीड फूट दूर हवं.

पायरी २: माती आणि पाणी तपासा

बहुतेक घरांत काळी भारी माती असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही, उन्हाळ्यात भेगा पडताना बारीक मुळ्या तुटतात. म्हणून आधी निचरा बघा. एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर काम सोपं. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर जमिनीत खड्डे करून झाडं लावू नका, ८ ते १० इंच उंच गादीवाफा करा.

नव्या घराच्या अंगणात आणखी एक अडचण असते. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, चुना मातीत पुरला गेलेला असतो. वरचा फूटभर थर पहारीनं उकरून तो वेचून काढल्याशिवाय काहीही लावू नये.

मग चुनखडी तपासा. मूठभर वाळलेली माती वाटीत घ्या, वर चार चमचे व्हिनेगर ओता. बुडबुडे उठले तर मातीत चुना आहे. बुडबुडे जितके जोरात, तितका चुना जास्त. मराठवाड्यात ही फार नेहमीची गोष्ट आहे. अशा विम्लधर्मी (अल्कलाइन) मातीत लोह असलं तरी झाडाला ते उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एक्झोरा आणि अनंत या दोन झाडांना याचा सगळ्यांत जास्त त्रास होतो. माती फसफसली तर ती दोन्ही जमिनीत लावायचा हट्ट सोडून द्या. फारच आवडत असतील तर कुंडीत लाल माती आणि शेणखतात लावा. अशा मातीत चुलीची राख किंवा चुना अजिबात टाकू नका. दोन्हींनी विम्लता आणखी वाढते.

पाण्याचंही तसंच. बोअरच्या पाण्यात क्षार असतात हे कुंडीच्या काठावर जमणाऱ्या पांढऱ्या पापुद्र्यावरून कळतं. काही भागांत फ्लोराइडही असतं, आणि ड्रॅसेना, कॉर्डिलाइन, क्लोरोफायटम यांच्या पानांची टोकं त्यानं तपकिरी होतात. घरातल्या एसीचं पाणी क्षारमुक्त असतं, ते साठवून या तीन झाडांना द्या. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी याच्या उलट, त्यात क्षार जास्त असतात. ते निम्मं साधं पाणी मिसळून बोगनवेल, कण्हेर यांसारख्या चिवट झाडांनाच घाला.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात उन्हाळ्यात रोज पाणी मागणारी बाग उभी करणं बरं नाही. बागेतली तीन चतुर्थांश झाडं तरी मुळं धरल्यावर आठवड्याला एक-दोन पाण्यावर राहणारी असावीत.

पायरी ३: पानाचा पोत वाचा

रोपवाटिकेत पान बोटांत धरा, दुमडून बघा, मागची बाजू बघा. खालच्या पाच जातकुळींत बहुतेक झाडं बसतात.

राखाडी, लवदार पानं. यातलं मराठवाड्यासाठी सगळ्यांत गुणी झाड म्हणजे ल्युकोफायलम. रोपवाटिकेत त्याला सिल्व्हर लीफ म्हणतात. ते मूळचं मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या, चुनखडीच्या भागातलं. म्हणजे आपल्या मातीतला जो दोष इतर झाडांना मारतो तो याच्या सवयीचा आहे. पानांवरच्या पांढुरक्या लवेमुळे ऊन परावर्तित होतं आणि पानाजवळची हवा लवकर कोरडी पडत नाही. उंची चार-पाच फूट, छाटून तीन फुटांवर ठेवता येतं. पाऊस पडून हवेत दमटपणा आला की पूर्ण झुडूप जांभळ्या फुलांनी भरतं. याला फक्त दोन गोष्टींचं वावडं: सावली आणि मुळाशी साचलेलं पाणी. सावलीत ते उंचाडं होतं आणि राखाडी रंग हिरवट पडतो. भारी मातीत सपाट लावलं तर ऑगस्टात मूळकुज होऊन अचानक मान टाकतं. उंचवट्यावर लावलं की वर्षानुवर्षं राहतं.

बारीक, जवळजवळ पानं नसल्यासारखी झाडं. पान जितकं बारीक तितकी त्याची उष्णता वाऱ्यानं लवकर निघून जाते. रसेलिया इथे पहिल्या क्रमांकावर. हिरव्या दोऱ्यांसारख्या फांद्या कमानीसारख्या खाली झुकतात आणि त्यांवर लाल नळीसारखी फुलं जवळजवळ वर्षभर येत राहतात. पसारा चार फूट होतो, तेवढी जागा सोडा. फॉक्सटेल फर्न नावानं विकली जाणारी शतावरीची जात सकाळच्या उन्हात उत्तम येते. वाळा आणि गवती चहा ही घरातली माहीत असलेली गवतंही शोभेसाठी वापरावीत. वाऱ्यावर हलणारं गवताचं थोंब जड पानांच्या झाडांमध्ये फार छान दिसतं, आणि वाळ्याची मुळं खोल जात असल्यानं तो उन्हाळा सहज काढतो.

जाड, गरदार पानं. अगेव्ह, कोरफड, स्नेक प्लांट, कलांचो, अडेनियम. ही पाणी स्वतःत साठवतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं. यांना मारतो तो आपला ऑगस्ट. काळ्या मातीत लावायची असतील तर मातीत निम्मा मुरूम हवाच. अगेव्हच्या पानांची टोकं टोकदार असतात. घरात लहान मुलं असतील तर नखं कापायच्या कात्रीनं प्रत्येक टोक पाव इंच छाटा, झाडाला काही होत नाही.

चिवट, चकचकीत पानं. कण्हेर, बोगनवेल, कुंती, नागचाफा (नागाच्या फणीसारख्या पानांचा पांढरा चाफा), बुटकी करवंद. पानावर मेणचट थर असतो, ऊन सोसतात, भिंतीला हिरवी पार्श्वभूमी देतात. बोगनवेलीच्या बाबतीत एक सांगायला हवं: जिला आपण फुलं म्हणतो ती रंगीत पानंच आहेत, खरं फूल मधलं पांढरं इवलंसं. म्हणून तिचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. ‘थिम्मा’ जातीत पानांवर पिवळा पट्टा आणि पांढरी-गुलाबी छटा दोन्ही मिळतात. बोगनवेलीला पाणी जास्त झालं की नुसती पानं वाढतात. बहर हवा असेल तर दोन पाळ्यांमध्ये माती नीट वाळू द्या.

रुंद, पातळ पानं. कोलियस, कॅलेडियम, अळू, कर्दळ, अग्लोनेमा, सिंगोनियम. यांच्यातूनच सगळ्यांत भडक रंग मिळतात आणि पाणीही हीच सगळ्यांत जास्त पितात. ही दाराजवळ, व्हरांड्यात, जिथे रोज नजर जाते आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी हाताशी असतं तिथेच ठेवा. क्रोटनचं पान जाड वाटतं म्हणून लोक तो पश्चिमेला लावतात. तिथे कोरड्या झळांनी पानं गळतात. क्रोटनला सकाळचं ऊन हवं. पूर्ण सावलीत त्याचा लाल-पिवळा रंग उतरून तो हिरवा होतो.

पर्पल हार्ट आणि रिओ ही दोन जांभळी झाडं या कप्प्यांमध्ये नीट बसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय इथली बाग करूच नये. पर्पल हार्टचा जांभळा उन्हात गडद होतो. मेमध्ये पाणी चुकलं तर ते आक्रसून बसतं आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा फुटतं. रिओचं पान वरून हिरवं आणि खालून जांभळं. त्याची बुटकी जात वाफ्याच्या काठाला लावायला अगदी योग्य.

गोल्डन दुरंता सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो. पूर्ण उन्हात पिवळाधमक राहतो. पण पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी कात्री लावायची तयारी असेल तरच घ्या. वेडेलिया मात्र टाळा. पिवळ्या फुलांचं ते पसरणारं झाड शेजारच्या वाफ्यात घुसतं आणि मग उपटता उपटत नाही.

पायरी ४: रंग आणि पोत एकमेकांशेजारी कसे ठेवावेत

बागेत साधारण दोन तृतीयांश हिरवं असू द्या. उरलेल्या एक तृतीयांशात एक मुख्य रंग आणि एक जोडीचा रंग. जांभळा मुख्य असेल तर राखाडी जोडीला. पिवळा मुख्य असेल तर गडद हिरवा. लाल क्रोटन, पिवळा दुरंता, गुलाबी कॉर्डिलाइन आणि जांभळा रिओ एकाच सहा फुटांत कोंबले की डोळ्याला कुठे थांबावं कळत नाही. प्रत्येकी एक अशी दहा झाडं आणण्यापेक्षा तीन प्रकार निवडा आणि प्रत्येकाची तीन-पाच रोपं एकत्र लावा.

मागची भिंत बघा. पांढऱ्या भिंतीसमोर राखाडी झाड हरवून जातं, तिथे जांभळी, गडद लाल पानं घ्या. काळ्या दगडाच्या कुंपणासमोर उलट: राखाडी, पिवळी, पांढऱ्या काठाची पानं उठून दिसतात. विटेच्या लाल भिंतीसमोर लाल क्रोटन लावू नका. तिथे रसेलियाचा हिरवा आणि ल्युकोफायलमचा राखाडी दोन्ही शोभतात.

आपलं दुपारचं ऊन फिके रंग खाऊन टाकतं. फिकट गुलाबी, फिकट निळा बारा वाजता पांढुरका वाटतो. भर उन्हात गडद जांभळा, केशरी, राणी रंगच टिकून दिसतात. पण उन्हाळ्यात माणसं अंगणात बसतात ती दिवेलागणीला. त्या वेळी गडद जांभळा दिसेनासा होतो आणि पांढरं-राखाडी उजळून येतं. म्हणून बसायच्या जागेजवळ राखाडी पानं, पांढऱ्या काठाची पानं, नागचाफ्याची पांढरी फुलं ठेवा, आणि जांभळं फाटकाकडे, जिथे दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडते.

पोताचा नियम सोपा आहे. बारीक पानाशेजारी मोठं पान, गुळगुळीताशेजारी लवदार. रसेलियाच्या दोऱ्यांशेजारी अगेव्हची ताठ पातीच दोघांना उठाव देते. अंगण लहान असेल तर मोठ्या पानांची झाडं पुढे आणि बारीक पानांची मागे लावा, त्यानं खोली वाढल्यासारखी वाटते. निवड जमली का हे तपासायला रोपं पिशव्यांसकट जागेवर मांडा, मोबाइलनं फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळं मिळून एकच करडा ढीग दिसला तर पोतात फरक नाही असं समजा आणि एखादं रोप बदला. रंग काढून घेतल्यावरही मांडणी वेगवेगळी दिसली पाहिजे.

पायरी ५: दोन तयार मांडण्या

पश्चिमेचा पूर्ण उन्हाचा वाफा, १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद. डावीकडून मोजत २ फुटांवर आणि ६ फुटांवर एकेक ल्युकोफायलम, दोन्ही भिंतीपासून दीड फूट दूर. १० फुटांवर, त्याच ओळीत, एक रसेलिया. ८ फुटांवर पण पुढच्या काठापासून सव्वा फूट आत पांढऱ्या काठाचं एक अगेव्ह. पुढच्या काठानं फुटाफुटावर पर्पल हार्टचे १० तुकडे. उरलेल्या कोपऱ्यात उन्हाळ्यात सदाफुली किंवा चिनी गुलाब, हिवाळ्यात झेंडू. एकूण कायमची रोपं चार, बाकी सगळं फांद्यांवर आणि बियांवर होतं.

पूर्वेचा, सकाळच्या उन्हाचा वाफा, ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद. मागे दीड, चार आणि साडेसहा फुटांवर एकाच जातीचे तीन रुंद पानांचे क्रोटन. त्यांच्या मधल्या दोन जागांत, जरा पुढे, एकेक फॉक्सटेल फर्न. पुढे ९ इंचांवर बुटक्या रिओची १० रोपं. इथे तीन क्रोटन तीन वेगळ्या जातींचे आणायचा मोह होईल. आणू नका.

व्हरांड्यातल्या उजेडाच्या सावलीसाठी कुंडीत स्नेक प्लांट, झी-झी प्लांट आणि अग्लोनेमा पुरेसे आहेत.

पायरी ६: रोपवाटिकेत काय बघावं

आपल्याकडे येणारी बरीच शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमच्या किंवा पुण्याकडच्या रोपवाटिकांत वाढलेली असतात. कडियमची हवा दमट. तिथून मराठवाड्यात आलेलं रोप पहिल्या दोन आठवड्यांत काही पानं टाकणारच. ते विकत घेतल्या दिवशी उन्हात लावू नका. १० ते १२ दिवस झाडाखाली किंवा हिरव्या जाळीखाली ठेवून मग जागेवर न्या.

पिशवीच्या भोकातून एक-दोन पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. तपकिरी मुळांचा गुंता बाहेर आलेला असेल तर रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. पानांच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण; तसं एकच रोप घरची जास्वंद, क्रोटन, अकॅलिफा सगळं घेऊन बसतं. उंच एकदांडी रोपापेक्षा बुडातून तीन-चार फांद्या फुटलेलं ठेंगणं रोप घ्या.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे इथे सगळ्यांत जास्त रोपं मरतात. पिशवीत मुळांभोवती लाल, चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत बसवला की दोन मातींची गाठ पडत नाही. आळ्यात ओतलेलं पाणी भोवतीच्या काळ्या मातीत मुरतं आणि आतला लाल गोळा विटेसारखा कोरडा राहतो. वरून आळं ओलं दिसतं आणि रोप तहानेनं मरतं. उपाय असा: लावायच्या आधी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी ब्लेडनं उभी चिरा आणि गोळ्याचा बाहेरचा अर्धा ते एक इंच थर बोटांनी हलकेच सुटा करा, म्हणजे बाहेरच्या मुळ्या मोकळ्या होतील. बोगनवेल तेवढी वगळा. तिची मुळं नाजूक असतात, तिचा गोळा न मोडता भिजवून तसाच लावा.

पायरी ७: लावणी

जूनअखेर ते जुलै हा पहिला हंगाम, सप्टेंबरअखेर दुसरा. मृगाचे दोन-तीन शिंतोडे पडले की घाई होते, पण जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय लावू नये. मार्च ते मे नवीन काहीही लावू नका.

झुडपासाठी दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा. निघालेली माती दोन भाग, मुरूम किंवा जाड वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, वर २०० ग्रॅम निंबोळी पेंड. वाळू मूठ-दोन मुठी टाकून काही होत नाही, प्रमाण पाळलं तरच माती मोकळी होते. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

भारी मातीत फक्त खड्डाच भुसभुशीत केला की तो पावसात पाण्याचा हौद होतो. जमलं तर पूर्ण वाफा फूटभर खोल खणून सगळीकडे हेच मिश्रण करा. रोप बसवताना गोळ्याचा माथा जमिनीच्या इंच-दोन इंच वर राहिला पाहिजे. बुंध्याला माती चढवू नका. आळं बुंध्यापासून वीतभर लांब गोल करा. कुंडीत काळी माती एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

पायरी ८: पहिला उन्हाळा

पहिला मे काढला की झाड आपलं. फेब्रुवारीअखेर वाफ्यावर दोन-तीन इंच आच्छादन घाला. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळका पाला, जे मिळेल ते. बुंध्याभोवती दोन इंच जागा मोकळी सोडा. आच्छादनानं पाणी वाचतं, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे भेगा पडत नाहीत. भेग पडलीच तर गांडूळखत आणि माती मिसळून ती बुजवा. महिन्यातून एकदा आच्छादन उचलून वाळवी आहे का बघा.

पहिल्या वर्षीच्या झुडपाला एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या दिवशी ५ लिटर, दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा ८ ते १० लिटर. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर लावले तर तासाभरात ८ लिटर होतात. अगेव्ह, कोरफड या हिशेबात धरू नका. रोज तांब्याभर शिंपडण्यानं फक्त वरचा थर ओला होतो आणि मुळं वरच राहतात. काळी माती वरून कोरडी दिसत असली तरी आत ओल असू शकते, म्हणून खुरप्यानं चार इंच उकरून बघूनच पाणी द्या. पाणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. बोअरचं पाणी पानांवर मारू नका, पांढरे डाग पडतात.

क्रोटन, रिओ, फॉक्सटेलवर मार्चपासून पाऊस येईपर्यंत ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी धरा. या काळात छाटणी नको, खतही नको.

रंग उतरला तर

जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेणखत द्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हिराकस नुसतं चुनखडीच्या मातीत टाकलं तर ते लवकरच झाडाला न मिळणाऱ्या रूपात जातं.

रंगीत पान हिरवं होत चाललं असेल तर दोनच कारणं बघा: ऊन कमी पडतंय किंवा युरिया जास्त झालाय. रंगीत पानांच्या झाडांना युरिया देऊच नका. जुलै ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम इतकं पुरतं. पट्ट्यापट्ट्यांच्या झाडातून एखादी निव्वळ हिरवी फांदी निघाली तर ती दिसल्या दिवशी बुडातून कापा. हिरवी फांदी जोरानं वाढते आणि रंगीत भागाला मागे टाकते.

पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी असेल तर लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात येतो. पानांच्या मागच्या बाजूला साध्या पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला की आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकणासाठी लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळीच. दुपारी तेल फवारलं तर पानं भाजतात. नागचाफ्याची पानं थंडीत कमी झाली तर घाबरू नका. साधा चाफा तर पूर्ण निष्पर्ण होतो, तो त्याचा स्वभाव आहे.

कण्हेर, डायफेनबेकिया, घाणेरी, अडेनियम आणि दुरंत्याची पिवळी फळं विषारी आहेत. घरात रांगतं मूल असेल किंवा दारात शेळ्या येत असतील तर ही झाडं हाताच्या आणि तोंडाच्या टप्प्यात नकोत. कण्हेरीची छाटलेली फांदी रस्त्यावर फेकू नका, गुरं खातात.

दुसऱ्या जुलैपर्यंत पुढची ओळ दाटलेली असेल. पर्पल हार्टच्या चार-पाच इंचांच्या फांद्या तोडा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशा खोचा. दहा-पंधरा दिवसांत मुळं धरतात. रिओची बाजूला फुटलेली पिल्लं मुळासकट काढून ९ इंचांवर लावा. मरतुकीच्या जागा यातूनच भरून निघतात, आणि उरलेल्या फांद्या शेजारी देता येतात.